बार काउंटरला स्पिरिट पॉलिश? नका हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरच्या घरी लाकडी बार काउंटर कसा करायचा यावर अर्धं पान लेख आला होता. फोटो मस्त होता, काउंटर आरशासारखा चमकत होता, पण शेवटच्या दोन ओळीत जे लिहिलंय ना, की वरून स्पिरिट पॉलिशचे चार-पाच हात मारा नाहीतर जवसाचं तेल चोळा आणि मेण घासा की काम झालं, ते वाचून मला राहवलं नाही. पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगते. जागेसाठी कापायचं असेल तर खुशाल कापा, पण शेवटी शेवटी चिंध्यांबद्दल लिहिलंय तेवढं प्लीज ठेवा, बाकी सगळं गेलं तरी चालेल.

मी सुतार नाही. नोकरी सांभाळून लाकडाचा नाद आहे इतकंच, सासऱ्यांचा रंधा आणि पटाश्या माझ्याकडे आल्या तेव्हापासून आमच्या घरात कायम भुसा असतो. आणि हे सगळं मी शहाणपणा म्हणून लिहीत नाहीये, कारण तुमच्या लेखात जे सांगितलंय ते अगदी तसंच्या तसं मी स्वतः करून बसलेली आहे.

सागाच्या फळ्या जोडून टॉप केला, दोन मीटर लांब आणि साधारण साठ सेंटीमीटर रुंद. चपडा स्पिरिटमध्ये भिजवला, कापसाचा बोळा कापडात गुंडाळला आणि हात मारत गेले, हात मारत गेले, काय चमक आली म्हणून सांगू, लाकूड आतून पेटल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्याच दिवशी घरी माणसं जमली. दीराने व्हिस्कीचा ग्लास काउंटरवर ठेवला, बुडाशी थोडी सांडलेली होती, गप्पांच्या नादात ग्लास तसाच राहिला आणि सकाळी मी उचलायला गेले तर उचलेचना. जोर लावून ओढला तर काउंटरची गोल कातडी घेऊन वर आला. खाली लाकूड उघडं आणि भोवती चिकट कडा. दीर म्हणाला वहिनी, ग्लासला कोस्टर आपोआप चिकटून मिळाला बघ. त्याला हसू येत होतं, मला नाही.

आता यात दीराची चूक काहीच नाही हे मला नंतर कळलं. चपडा म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, ती विरघळते कशात तर स्पिरिटमध्ये, आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. रंग पातळ करायला जे वापरतो तेच रंग उतरवायलाही वापरतो ना, तसंच हे आहे, ज्यात विरघळवून आपण पॉलिश लावलं तेच आपण रोज संध्याकाळी त्याच्यावर सांडणार. व्हिस्की, रममध्ये अल्कोहोल ४० टक्क्यांच्या आसपास असतं, वाइनमध्ये १२-१३ आणि बियरमध्ये ५ च्या जवळपास, म्हणून बियरचा थेंब लगेच पुसला तर काही होत नाही आणि व्हिस्कीचा रात्रभर राहिला तर पॉलिश लेप होऊन जातं. २०२० मध्ये हे कित्येक घरात झालं असणार, सॅनिटायझरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असायचं आणि बाटली बरोब्बर जुन्या पॉलिशच्या टेबलावर ठेवलेली असायची, पंप दाबला की एक थेंब खाली. आमच्या जाऊबाईंच्या कॉर्नर टेबलावर अजून त्या बाटलीच्या बुडाचा गोल आहे.

स्पिरिट पॉलिश वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, उलट माझं ते सगळ्यात लाडकं पॉलिश आहे. कपाटाला लावा, खुर्चीला लावा, फोटोफ्रेमला लावा, लाकडाचा रंग इतका सुंदर दुसरं काहीच उठवत नाही आणि खराब झालं तर वरून नवा हात मारला की जुन्यात विरघळून एकजीव होतं, डाग होता कुठे ते सापडतसुद्धा नाही. पण बार काउंटर ही त्याची जागा नाही. तुमच्या लेखकाने चमक बघून पॉलिश निवडलंय, आणि माझा सगळा मुद्दा एवढाच आहे की काउंटरवर काय सांडणार, काय ठेवलं जाणार आणि कोण पुसणार हे बघून ते निवडायचं असतं. दारू, पाणी, लिंबाचा रस, बर्फाने घामेजलेले ग्लास, कुणीतरी आणून ठेवलेला गरम कप, वर किल्ल्या आणि बाटल्या सरकवणं, आणि रात्री उशिरा ओल्या फडक्याने ओढलेला हात, एवढं सगळं त्या बिचाऱ्या पातळ थराने सोसायचं आहे.

बरं मग मी दुसऱ्या टोकाला गेले. चपडा काढणं सोपं होतं, स्पिरिटने भिजवला आणि खरवडला, अर्ध्या दिवसात फळी मोकळी. आणि मग डोक्यात इपॉक्सी शिरलं. ते व्हिडिओ बघितलेच असतील तुम्ही, बादलीतून काचेसारखं काहीतरी ओततात आणि ते आपोआप सपाट पसरतं. व्हिडिओत दिसत नाही ते मी सांगते. एक चौरस मीटरवर ३ मिलिमीटरचा थर द्यायचा तर ३ लिटर लागतं, हा साधा गुणाकार मी केलाच नव्हता, माझा टॉप सव्वा चौरस मीटरच्या जवळ, त्यात कडेवरून ओघळून खाली पडतं ते वेगळंच, म्हणून पहिल्याच दिवशी कमी पडलं. मापाचं तर विचारूच नका. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळायचे असतात, काही एकास एक असतं, काही दोनास एक, आणि ते माप लिटरचं की वजनाचं हे डब्यावर वाचायचं असतं कारण दोन्ही सारखं नसतं. मला वाटलं थोडं हार्डनर जास्त घातलं तर लवकर घट्ट होईल, गाडीच्या कामाला वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमीजास्त करून तसं होतं म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, पण इपॉक्सीत तसं होत नाही, इथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांचे जोडीदार आहेत, एक जास्त झाला की तो बिनजोडीचा उरतो आणि थर कायमचा चिकट राहतो. शिवाय नीट ढवळलं नाही, बादलीच्या कडेला चिकटलेलं खरवडून आत घेतलं नाही, तरी तेच. ढवळून झालं की दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून परत ढवळायचं असतं, हे मला सगळं संपल्यावर कळलं. आणि बादलीत फार वेळ ठेवायचंही नाही, घट्ट होताना ते स्वतः तापतं, जितकं एका जागी जास्त तितकं जास्त तापतं, माझ्या उरलेल्या अर्ध्या लिटरने प्लॅस्टिकची बादली वाकडी केली आणि धूर निघाला तो वेगळा.

बुडबुडे. वरवरचे बुडबुडे हीट गन फिरवली की फुटतात हे खरं, पण माझे खालून येत होते. लाकडाच्या भोकाभोकात हवा असते, खोली तापायला लागली की ती फुगून बाहेर येते आणि वर इपॉक्सी असेल तर त्यात अडकते. म्हणून आधी ब्रशने एक पातळ हात मारून भोकं बंद करून घ्यायची, आणि तेही खोली थंड होत जाते त्या वेळेला, म्हणजे दुपार उतरल्यावर, तेव्हा लाकूड हवा बाहेर टाकत नाही, आत ओढतं. मी सकाळी दहाला ओतलं होतं. ऊन चढत गेलं आणि माझा काउंटर सोडा वॉटर झाला.

एवढं करून तो दिसायला बरा होता हं, लांबून. पण गरम कपाची खूण उठली ती उठलीच, टेबलावर ओतायची बरीचशी इपॉक्सी ५०-६० अंशाला मऊ पडायला लागतात आणि उकळत्या पाण्याचा कप त्याच्या खूप वर असतो. ओरखडे तर इतके की काच कसली, काचेवर उठत नाहीत तितके. खिडकीजवळची बाजू वर्षभरात पिवळी झाली. दारू मात्र खरंच काही करू शकली नाही त्याला, नीट घट्ट झालेल्या इपॉक्सीला ग्लासातली दारू विरघळवत नाही, हे त्याचं श्रेय द्यायला हवं. पण मला ते हातालाच आवडेना, सागावर हात ठेवल्यासारखं वाटतच नव्हतं, प्लॅस्टिकच्या खाली ठेवलेल्या लाकडाच्या फोटोवर हात ठेवल्यासारखं वाटायचं. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं, फक्त हातमोजे घालून, कारण कच्चं इपॉक्सी कातडीला परत परत लागलं तर अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती जात नाही.

ते काढायला मला दोन आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. हीट गनने मऊ करायचं आणि पात्याने सोलायचं, नवरा शेवटी म्हणाला नवीन फळ्या आणू का. मी नाही म्हटलं. हट्ट.

तिसऱ्यांदा जे केलं ते अजून आहे आणि त्याच्यावर बसूनच हे लिहितेय, म्हणजे शेजारी स्टुलावर. यावेळी मी ऑइल बेस पॉलीयुरेथेन व्हार्निश वापरलं, डब्यात एकच भाग असतो ते. दोन भागांचं पॉलीयुरेथेन (पीयू), जे फर्निचरवाले स्प्रे गनने मारतात, ते याच्याहून टणक असतं यात वाद नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि ते हवेत उडालेलं श्वासातून गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो, साधा कापडी मास्क त्याला काहीच अडवत नाही, त्यामुळे ते ज्यांच्याकडे नीट स्प्रे बूथ आहे त्यांनाच करू द्या, घरात नको. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पण विचारात घेतलं होतं, लवकर सुकतं म्हणून, पण ते थिनरमध्ये परत विरघळतं, एखादीने काउंटरवर बसून नेलपॉलिश रिमूव्हर काढला की संपलं, आणि आमच्या घरी ती एखादी आहे.

आता घासण्याबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे आणि तुमच्या लेखात त्याला एक ओळ मिळालीये. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, मग १८०, मग २२०, आणि मधला नंबर गाळायचा नाही, कारण प्रत्येक पेपर फक्त आधीच्या पेपरचे ओरखडे काढू शकतो, ८० चे ओरखडे २२० ने काढायला गेलात तर हात तुटेल आणि ओरखडे तिथेच. घासायचं लाकडाच्या रेषेच्या दिशेने. दिवे बंद करून टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, जे दिवसा दिसत नाही ते सगळं दिसतं, मी रात्री अकरा वाजता असं करताना शेजारच्यांनी बघितलंय आणि त्यांचं माझ्याबद्दल काय मत झालं ते माहीत नाही. २२० च्या पुढे उगाच जाऊ नका, फार गुळगुळीत केलं तर व्हार्निशला धरायला काही उरत नाही. शेवटच्या पेपरआधी एकदा ओलसर फडकं फिरवून सुकू द्या, दबलेले तंतू उभे राहतात ते घासून टाका, नाहीतर ते पहिल्या हातानंतर उभे राहतील.

वरच्या धारदार कडा मोडून गोल करा, निदान दोन-तीन मिलिमीटर. हे कुणी सांगत नाही. धारेवर कुठलंही पॉलिश टिकून राहत नाही, ओलं असतानाच ते दोन्ही बाजूला सरकतं आणि नेमक्या त्या रेघेवर थर सगळ्यात पातळ उरतो, आणि सगळे कोपर टेकतात, बाटली घासतात ते तिथेच. आणि फळीची दोन टोकं, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या कापलेल्या असतात, तिथे पाणी स्ट्रॉने प्यावं तसं आत जातं, म्हणून टोकांना जोपर्यंत पितंय तोपर्यंत हात मारत राहायचं. माझ्या टोकांनी बाकीच्यापेक्षा तीन हात जास्त खाल्ले.

सागाचं एक वेगळं नाटक आहे, त्याच्यात मूळचं तेल असतं आणि त्यामुळे ऑइल बेस व्हार्निश कधी कधी दिवसेंदिवस सुकतच नाही किंवा नंतर सोलून निघतं. व्हार्निश मारायच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं, पुसल्यावर फार वेळ ठेवायचं नाही कारण आतलं तेल परत वर येतं. आणि इथे माझ्या लाडक्या चपड्याला परत काम मिळालं बघा, मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात खाली सीलर म्हणून मारला, तो तेलाला खाली दाबून ठेवतो आणि वर व्हार्निश छान बसतं. पण मेण काढलेलाच हवा, साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पॉलीयुरेथेन धरत नाही.

व्हार्निशचा डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचा, हलवला की बुडबुडे. मी टर्पेंटाइन घालून निम्मं पातळ केलं आणि ब्रशऐवजी कापडाने पुसत पुसत लावलं, असे हात आठ लागले, ब्रशने जाड लावलं असतं तर तीन-चारात भागलं असतं, पण पातळ हात लवकर सुकतो, ओघळत नाही आणि धूळ बसायला वेळ मिळत नाही. पंखा बंद, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, आणि अंगावर लोकर नको. दर दोन हातांमध्ये ३२० च्या पेपरने हलकेच फिरवायचं, वर बसलेल्या धुळीची खरखर जाईपर्यंत, कारण पॉलीयुरेथेनचा नवा हात जुन्यात विरघळत नाही, तो पेपरच्या बारीक ओरखड्यांना धरूनच बसतो. स्टीलवूल वापरू नका, त्याचे बारीक कण साग-ओकसारख्या लाकडात राहिले आणि ओल लागली की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून शाईसारखे काळे ठिपके उठतात. ज्यांना चमक नको त्यांनी खालचे सगळे हात ग्लॉसचे मारून फक्त शेवटचा मॅटचा मारावा, मॅटमध्ये चमक मारायला पावडर घातलेली असते, तिचेच सगळे हात मारले तर लाकूड धुरकट दिसतं.

आणि मग थांबायचं. इथे सगळे चुकतात, मीही चुकले असते पण तोपर्यंत दोनदा पोळले होते. सुकणं वेगळं आणि मुरणं वेगळं. हाताला लागत नाही म्हणजे सुकलं, ते एका रात्रीत होतं, पण हे व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून घट्ट होत जातं आणि त्याला जवळजवळ एक महिना लागतो, दमट दिवस असतील तर आणखीही. तोपर्यंत त्याच्यावर चादर टाकू नका, बाटल्या ठेवू नका, रबरी बुडाचं काही तर अजिबातच नको. मी कॅलेंडरवर फुली मारली होती आणि ३० दिवस काउंटरवर कुणाला हात टेकू दिला नाही, दीर येऊन खालूनवरून बघून जायचा. मुरलंय का बघायचं तर कडेला जिथे दिसणार नाही तिथे नख दाबा, खूण उठली तर अजून नाही, आणि नाक जवळ नेऊन वास घ्या, वास येतोय म्हणजे अजून काम चालू आहे. पाण्यावरचं पॉलीयुरेथेन काही तासात पुढच्या हाताला तयार होतं आणि पिवळटही पडत नाही, घाई असेल त्यांनी ते घ्यावं, मला सागावर थोडा मधाचा रंग हवा होता म्हणून मी घेतलं नाही.

हं, आता चिंध्या. तुमच्या लेखात लिहिलंय की पर्याय म्हणून जवसाचं तेल कापडाने चोळा. एक तर जवसाच्या तेलाने काउंटर वाचत नाही. अमेरिकेत मॅडिसनला फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, १९१० पासूनची, त्यांनी वेगवेगळी फिनिशं लाकडाला लावून दमट हवेत ठेवून ओलावा किती अडतो हे मोजलंय, त्यात जवसाचं तेल अगदी तळाला आहे आणि दोन भागांचं इपॉक्सी वरच्यांमध्ये. पण ते राहू द्या. लेखात हे कुठेच नाही की तेल चोळून झाल्यावर त्या कापडाचं करायचं काय. आणि वाचणारा काय करणार, बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकणार.

जवसाचं तेल, टंग ऑइल, डॅनिश ऑइल, माझं ते ऑइल व्हार्निश, ही सगळी पाणी सुकतं तशी सुकत नाहीत, ऑक्सिजन घेऊन सुकतात आणि तसं करताना गरम होतात. फळीवर पातळ थर असतो, उष्णता उडून जाते, कळतही नाही. पण चुरगळलेल्या कापडाच्या पोटात ती उष्णता अडकते, तापलं की आणखी वेगाने तापतं, आणि काही तासांनी, म्हणजे नेमके तुम्ही झोपलेले असताना, ते कापड स्वतःहून पेटतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाच्या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर आग लागली, तिथे लाकडी पॅनेलचं काम चालू होतं आणि कामगारांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच ठेवल्या होत्या. आग वर चढत गेली, ३० व्या मजल्यावर स्प्रिंकलर होते तिथे थांबली. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. ती इमारत परत वापरात आलीच नाही, पुढे पाडावी लागली. एवढं सगळं पॉलिशच्या चिंध्यांमुळे, आणि तुमच्या लेखात त्या चिंध्या नाहीतच.

करायचं फार सोपं आहे. कापड झालं की लगेच उघड्यावर एकेक सुटं सपाट पसरून वाळत टाकायचं, दगडावर किंवा फरशीवर, घडी नाही, ढीग नाही, दोरीवर एकावर एक नाही. पार कडक झालं की टाकून द्यायचं. किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायचं. मी फरशीवर पसरते आणि पसरून झाल्याशिवाय हात धुवायला जात नाही, तेवढा एक नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. हातमोजे, पुसायचा टिश्यू, तेलकट भुसा, यांनाही तेच लागू.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी एक चौकट छापा. त्यात दोनच गोष्टी हव्यात: बार काउंटरच्या वरच्या थराला स्पिरिट पॉलिश नको, आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करू नका. जागा कमी असेल तर पहिली गाळा. आणि यापुढे घरच्या घरी करून बघा छापाचे लेख घेताना लेखकाला विचारत जा की बाबा, लावून झाल्यावर डबा, ब्रश, कापड आणि वास यांचं वाचकाने काय करायचं ते पण लिही. फोटो थोडा लहान केला तर तेवढी जागा निघते.

तुमच्या लेखावरून ज्यांनी गेल्या रविवारीच पॉलिश मारून टाकलं असेल त्यांनी घाबरू नये. स्पिरिटने उतरतं ते, खिडक्या उघड्या ठेवा, आसपास गॅस किंवा दिवा नको, आणि भिजवून सावकाश खरवडा. नुसते पांढरट गोल उठले असतील तर लाकूड अजून ठीक आहे, ती ओल फक्त पॉलिशच्या थरात अडकलेली असते, हेअर ड्रायरची हलकी ऊब दिली तरी बऱ्याचदा जाते. गोल काळा असेल तर मात्र पाणी लाकडापर्यंत पोचलंय, मग पॉलिश काढून ऑक्झॅलिक अॅसिडने डाग उतरवावा लागतो, ते विषारी असतं, हातमोजे आणि मास्क घालूनच, नंतर भरपूर पाण्याने पुसून पूर्ण सुकू द्यायचं. आणि रोजच्या पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि पिळलेलं फडकं पुरतं, सिलिकॉनचे चमकवायचे स्प्रे मारू नका, पुढे कधी परत पॉलिश करायला गेलात की त्या जागी पॉलिश माशाच्या डोळ्यासारखं गोल गोल फाटतं आणि ते सिलिकॉन घासूनही नीट जात नाही.

कळावे,
आपली एक नियमित वाचक (आणि रविवारची सुतार)

ता. क. एक राहिलंच. फळीची खालची बाजू. वर आठ हात आणि खाली काहीच नाही असं केलंत तर खालून ओल येत-जात राहते आणि फळी बाक धरते, खालीही निदान तीन-चार हात मारा, दिसत नाही म्हणून सोडू नका. आणि खालून स्क्रू मारताना सांगाड्यातली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. साठ सेंटीमीटर रुंदीची सागाची फळी, लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वरखाली झाला की चार-साडेचार मिलिमीटर फुगते किंवा आक्रसते, तिला कुठलंही पॉलिश थांबवू शकत नाही, फक्त सावकाश करू शकतं. नवऱ्याने पहिल्यांदा सगळे स्क्रू गच्च आवळले होते आणि वरून गोंदही लावला होता. ती चीर अजून आहे, डाव्या बाजूने तिसऱ्या फळीत, तिच्यात व्हार्निश भरलंय आणि दीर पत्ते खेळताना गुण लिहायच्या कागदाची कड त्यात अडकवून ठेवतो.